तिघींचं वजन

लिफ्ट कोसळली तर काय करायचं, हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. मुद्दाम कुणी पाठ केलं नव्हतं. थोरल्या लेकाच्या तोंडून ऐकून ऐकून झालं होतं. थोरला शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून बिल्डिंगभर त्याला मास्तर म्हणत. शाळेतली पोरं घंटा झाली की सुटायची. घरच्यांना घंटाच नव्हती. जेवताना भाजीत मीठ जास्त झालंय एवढं कुणी म्हटलं, तरी मास्तर तिथून वळणं घेत घेत लिफ्टवर यायचा.

"उडी मारायची नाही," तो घास हातात धरून सांगायचा. "लोकांना वाटतं, आपटायच्या क्षणी उडी मारली की वाचलो. अरे, तो क्षण तुला कळणार कसा? आणि लिफ्टचा वेग तो केवढा, तुझी उडी ती केवढी! उभंसुद्धा राहायचं नाही, पाय मोडतात. पाठीवर सपाट झोपायचं, अंग सैल सोडायचं, डोक्याखाली हात घ्यायचा. मार सगळ्या अंगाला वाटून जातो."

'वाटून जातो' हे म्हणताना तो हात असा पसरायचा, की शेजारचा पेला एकदा तरी सांडायचा. त्या घरात दुसरं काहीच वाटून जात नव्हतं, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

त्याची बायको, म्हणजे घरातली थोरली सून, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी शिलाईचं मशीन टाकून शाळेचे गणवेश उसवून, वाढवून, आटवून द्यायची. त्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर धाकटा दीर आणि त्याची बायको. ही धाकटी चष्म्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर काच ठेवताना जसं गोड बोलायची तसंच घरी बोलायची, आणि त्याच गोडपणानं समोरच्याला कापायची. दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता. कारण विचाराल, तर ते चाकाच्या खुर्चीत बसलेलं होतं.

सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ मात्र शाबूत होती, आणि लुळ्या पडलेल्या बाजूचं कामही ती जीभच करायची. अशा माणसाचं करणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भांडं द्यायचं, भांडं काढायचं, गादीवर सुरकुती राहिली नाही ना ते बघायचं, आणि एवढं करून वर ऐकायचं, "उचलतेस की पोतं आपटतेस?" एक महिना खाली, एक महिना वर, असं दोघा भावांनी ठरवलं होतं. ठरवायला भाऊ, उचलायला बायका.

जावांना एकमेकींचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून त्यांनी म्हातारीच्या अदलाबदलीची एक रीत पाडली होती. जिचा महिना संपला तिनं खुर्ची लिफ्टमध्ये ढकलायची, खुर्चीचा ब्रेक लावायचा, औषधांची पिशवी म्हातारीच्या मांडीवर ठेवायची, बाहेरून दोन्ही जाळ्या ओढून घ्यायच्या आणि तीनदा खडखड वाजवायच्या. तो आवाज ऐकला की दुसरीनं आपल्या मजल्यावरून लिफ्ट बोलवायची. म्हातारी एकटीच वर जायची नाहीतर खाली यायची, पार्सलासारखी. बिल्डिंगमधले लोक हळहळायचे. म्हातारीला कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "बरं असतं. तेवढ्या वेळात मला कुणी हात लावत नाही."

अलीकडे लिफ्ट हिसके द्यायला लागली होती. बिल्डिंगच्या कमिटीनं त्यावर उपाय म्हणून एक पुठ्ठा टांगला: म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना एकटं पाठवू नये. लिफ्टच दुरुस्त केली असती तर पुठ्ठा वाचला असता, पण कमिटीला पुठ्ठ्याचा शौक होता.

त्या दुपारी थोरली एका पोराच्या पँटची शिवण उसवत होती. तीनदा खडखड ऐकू आलीच नाही. सरळ आपल्या मजल्यावर जाळी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर लिफ्टमध्ये धाकटी उभी, पुढ्यात खुर्ची, खुर्चीत सासूबाई, मांडीवर पिशवी. महिना संपायला अजून आठवडा होता.

"आई, ह्यांना सांगा," धाकटी थोरलीकडे न बघता म्हणाली, "मला उद्यापासून दुकानाचं ट्रेनिंग आहे. आठवडाभर आधी घेतलं तर काही आभाळ कोसळत नाही."

"आई, हिला सांगा," थोरली म्हणाली, "मागच्या वेळी पाहुणे होते, त्याच्या आधी घराला रंग होता. तुमच्या धाकट्या लेकाच्या घरात दर महिन्याच्या शेवटी बरं काही ना काही निघतं."

"तुम्हीच सांगा एकमेकींना," म्हातारी म्हणाली. "मी काय टेलिफोन आहे?"

धाकटीनं खुर्ची बाहेर ढकलली. थोरलीनं ती आत लोटली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. म्हातारीची मान दर वेळी पुढे-मागे होत होती आणि ती डोळे मिटून दोघींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेवटी थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. ती स्वतःच आत शिरली, दोन्ही जाळ्या ओढल्या आणि पाचाचं बटण दाबलं. "मीच नेऊन बसवते वर," ती म्हणाली. "बघते कोण खाली आणतंय ते."

लिफ्ट निघाली. तिसरा मजला खाली गेला. चौथा यायच्या आत वर काहीतरी फाटकन वाजलं, दिवा गेला आणि लिफ्ट थांबली. मग चर्र असा आवाज झाला आणि लिफ्ट वीतभर खाली आली. पुन्हा थांबली. पुन्हा चर्र, आणि आणखी चार बोटं.

जाळीतून चौथ्या मजल्याची फरशी दिसत होती, थोरलीच्या छातीच्या उंचीवर. तिच्या वर उजेड होता, तिच्या खाली काळी भिंत. तिघीही एकदम ओरडल्या. त्यांचं इतक्या वर्षांत एकमत झालं ते तेवढंच.

आधी वॉचमन धावत आला. त्यानं चौथ्यावरची बाहेरची जाळी उघडली, ओणवा होऊन आत बघितलं आणि मेकॅनिकला फोन लावला. "निघालाय म्हणतो," तो म्हणाला. "कुणी हलू नका म्हणतो." पाठोपाठ मास्तर आला, शाळेतून नुकताच सुटलेला, खांद्याला पिशवी तशीच. लिफ्ट त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा चार बोटं घसरली, आणि तो जन्मभर ज्या क्षणाची तयारी करत होता तो क्षण त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"झोपा!" तो ओरडला. "पाठीवर झोपा!"

"कुठं झोपू, भाऊजी?" धाकटी खालून किंचाळली. "सगळी जागा खुर्चीनं खाल्लीय!"

"मग एकीनं तरी झोपा!"

दोघींनी खाली बघितलं. खुर्चीच्या पुढे एक बाई अंग चोरून मावेल एवढी जागा होती. तिथं झोपायचं म्हणजे दुसरीच्या पायाशी डोकं येणार. धाकटीच्या सँडलपाशी डोकं ठेवण्यापेक्षा थोरली उभ्या उभ्या मेली असती. धाकटीचंही तसंच असावं, कारण तीसुद्धा खुर्चीचा दांडा घट्ट धरून ताठ उभी राहिली.

"पडली तर लिफ्टच्या खालचे चिमटे रूळ पकडतात ना, मास्तर?" वॉचमननं विचारलं.

"ते वेगानं पडली तर. ही घसरतेय. हळू घसरणाऱ्या लिफ्टचा त्यांना पत्ताच लागत नाही." मास्तरनं कपाळाचा घाम पुसला आणि त्याचा आवाज वर्गातला झाला. "ऐका. लिफ्ट एकटी लोंबकळत नसते. दोराच्या दुसऱ्या टोकाला मागच्या बाजूनं वजन असतं, काउंटरवेट. ही चार माणसांची लिफ्ट. ते वजन रिकाम्या लिफ्टची आणि आतल्या दोन माणसांची बरोबरी करतं. तुम्ही तिघी, वर ती लोखंडी खुर्ची. म्हणून तुमचं पारडं जड आहे आणि वरच्या चाकाचा ब्रेक दमलाय. एक जण बाहेर आली की दोन्ही बाजू सारख्या. मग ती ना वर जाईल ना खाली. कुणीही एक. पण पटकन, फट बंद होत चाललीय!"

"मेकॅनिक म्हणाला हलू नका," वॉचमन म्हणाला. "बाहेर पडताना मध्येच घसरली, तर अर्धं माणूस वर आणि अर्धं..."

"तू गप्प बस," मास्तर म्हणाला. पण ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तर आता प्रश्न एवढाच होता, की निघायचं कुणी. म्हातारीला काढणं शक्य नव्हतं. लुळं अंग छातीच्या उंचीवर उचलून त्या फटीतून सरकवायला वेळही नव्हता आणि जागाही. म्हणजे दोघींपैकी एकीनं म्हातारीपाशी राहायचं. इतकी वर्षं या घरात एकच भांडण चाललं होतं, म्हातारीपाशी कोण राहणार. इतकी वर्षं दोघी 'तू, तू' म्हणत होत्या. आणि आता, जेव्हा एकीनं निघून जाणं तिघींच्याही जिवासाठी गरजेचं होतं, तेव्हा दोघींनाही राहायचं होतं!

"आई, ह्यांना म्हणावं, तुम्ही जा," धाकटी म्हणाली. "ह्यांचं वय झालंय, ह्यांच्यानं दम धरवणार नाही. मी आहे तुमच्याजवळ."

"आई, हिला म्हणावं, तूच जा. ट्रेनिंग आहे ना उद्या?"

"मी आईंना टाकून जाणाऱ्यातली नाही."

"मग मी आहे?"

थोरलीला स्वच्छ दिसत होतं, पुढं काय होणार ते. जी आधी बाहेर पडेल तिच्या नावावर जन्मभराचा शिक्का बसणार, सासूला मरणाच्या दारात सोडून पळाली म्हणून. लग्नघरात, दवाखान्यात, जिन्यात, नातेवाइकांच्या फोनवर तेच. म्हातारीच्या पाठीला लावलेल्या पावडरीचे सगळे डबे एका क्षणात मातीमोल. तिला मरणाची भीती वाटत होती; पण धाकटीला जिंकू द्यायची भीती त्याहून मोठी होती. ती जागची हलली नाही. धाकटीही हलली नाही. लिफ्ट मात्र हलली. चौथ्याची फरशी आता थोरलीच्या खांद्यापाशी आली.

"अगं बाहेर या कुणीतरी एक!" मास्तर जवळजवळ रडत ओरडला.

"थोरले," म्हातारी म्हणाली. "तू नीघ."

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी?"

"मग काय ती? ती काडी आहे. ती गेली काय, राहिली काय. तू खाऊन खाऊन म्हैस झालीस. तू गेलीस की निम्मी लिफ्ट हलकी होईल."

"आई, मी तुम्हाला सोडून..."

"सोड! सोडच एकदाची! तुझे हात मला नको झालेत. खरखरीत हात. उचलतेस तेव्हा कातडं सोलून निघतं माझं. ही धरते ती मऊ धरते. मरायचंच असेल तर मला मऊ हातात मरायचंय. नीघ!"

थोरलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. करावं तरी काय माणसानं? ज्या हातांनी हिचं सगळं केलं, त्या हातांचा हा उद्धार, तोही धाकटीसमोर! भीतीबिती सगळी पळाली आणि तिच्या जागी नुसता संताप उरला. "निघते," ती म्हणाली. "निघते मी. राहा तुमच्या मऊ हातात."

तिनं आतली जाळी सारली. म्हातारी धाकटीवर खेकसली, "बघतेस काय? खांदा दे तिला!" आणि चष्म्याच्या दुकानातली ती नाजूक बाई भिंतीला टेकून वाकली. थोरलीनं एक पाय खुर्चीच्या दांड्यावर, दुसरा जावेच्या खांद्यावर दिला आणि जरा गरजेपेक्षा जास्तच जोर लावला. खालून धाकटीच्या तोंडून एक शब्द निघाला. तो तिच्या दुकानात कुणी ऐकला नसता.

थोरली पोटापर्यंत फरशीवर आली. वॉचमननं एक हात धरला, मास्तरनं दुसरा. आणि नेमकं तेव्हाच वर चर्र झालं.

लिफ्टच्या छताची लोखंडी कड तिच्या पाठीवर टेकली. नुसती टेकली, दाबली नाही, पण त्या एका श्वासात तिला कळलं की अर्धं माणूस वर आणि अर्धं खाली म्हणजे काय. पाठीवर सपाट झोपा, अंग सैल सोडा, यातलं काहीएक तिला आठवलं नाही. तिला फक्त एवढंच वाटलं, की मी भांडणात मरतेय. मग खालून कुणीतरी तिच्या तळपायाला जोरानं धक्का दिला, दोघांनी वर ओढलं, आणि ती फरशीवर येऊन पडली. कडेनं तिच्या टाचेचं साल खरवडून नेलं. एक चप्पल खाली गेली आणि बऱ्याच वेळानं कुठंतरी आपटल्याचा आवाज आला.

लिफ्ट जराशी डुलली आणि थांबली. सगळे श्वास रोखून बघत होते. ती ना वर गेली, ना खाली. मास्तरचं गणित बरोबर आलं होतं.

मेकॅनिक आला, वरच्या खोलीत जाऊन त्यानं हातानं चाक फिरवलं, आणि लिफ्ट अलगद तिसऱ्या मजल्याला लागली. तोवर निम्मी बिल्डिंग जिन्यात जमली होती. जाळी उघडली. धाकटी खुर्ची ढकलत बाहेर आली, केस विस्कटलेले, खांद्यावर चपलेचा ठसा, डोळ्यांत पाणी. "मी म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे," ती हुंदका देऊन म्हणाली, "आईंना एकटं सोडून मी जाणार नाही." बायकांनी तिला मिठीत घेतलं. कुणीतरी पाणी आणलं. कुणीतरी म्हणालं, अशी सून मिळायला भाग्य लागतं.

थोरली वरच्या पायरीवर बसली होती, एका पायात चप्पल, दुसऱ्या टाचेतून रक्त. शेजारीण तिच्याजवळ आली आणि फार मायेनं म्हणाली, "तुम्ही आधी निघालात होय? जाऊ दे हो. जीव कुणाला प्यारा नसतो?"

थोरलीनं मास्तरकडे बघितलं. मास्तर चौघांना गोळा करून हात पसरून समजावत होता, "बरोबरी साधायची होती. सत्तरेक किलो वजन कमी करायचं होतं. मी सांगितलं, ते काढलं, संपला विषय." आपण त्याची बायको नसून सत्तरेक किलो आहोत, हे थोरलीला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी टाचेला पट्टी बांधताना ती म्हणाली, "अहो, खरा धोका कुणाला होता? आत राहिलेल्यांना की फटीतून येणारीला?"

"फटीतून येणारीलाच," मास्तर म्हणाला. "त्यात शंकाच नाही."

"आणि मी निघाले म्हणून लिफ्ट थांबली?"

"शास्त्राच्या दृष्टीनं, हो."

"मग हे बाहेर सांगा की. तुमच्या भावाला सांगा. लोक मला काय म्हणतायत ऐकताय ना?"

मास्तरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घरातल्या गोष्टीत शास्त्र कशाला आणतेस?" तो म्हणाला.

थोरलीनं उरलेली पट्टी त्याच्या अंगावर फेकली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि सुळावर चढवणारा घरचाच मास्तर. त्यानंतरचे दिवस तिनं दात-ओठ खात काढले. जिन्यात लोक आवाज बारीक करायचे. कुठल्या कुठल्या नातेवाइकांचे फोन धाकटीला यायचे आणि धाकटी ते जिन्याचं दार उघडं टाकून घ्यायची. ट्रेनिंगचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. आईंना टाकून कशी जाणार?

महिना संपला. आता म्हातारी खाली येणार. थोरलीनं मनाशी पक्कं केलं होतं, करायचं सगळं, पण एक शब्द बोलायचा नाही. खरखरीत हात ना? हातमोजे घालून उचलीन. तिनं गादीवर चादर ताणून घातली, सुरकुती काढली, पावडरीचा नवा डबा उशापाशी ठेवला आणि मशीनवर बसली. दुरुस्त झालेली लिफ्ट दिवसभर वर-खाली करत राहिली. तीनदा खडखड काही झाली नाही.

"नाही पाठवत तर नाही," मास्तर म्हणाला. "सुंठीवाचून खोकला गेला."

थोरली उठली आणि दुखऱ्या टाचेनं तीन मजले जिन्यानं चढून गेली. भांडायचंच होतं, तर लिफ्टची वाट कशाला बघायची?

वर धाकटीच्या दुकानातल्या चार बायका आल्या होत्या, मालकीणबाईंसकट, म्हातारीला बघायला. मध्यभागी खुर्चीत म्हातारी. धाकटी चहाचा ट्रे घेऊन उभी. थोरली दारात येऊन उभी राहिली.

"आई, महिना संपला," थोरली म्हणाली.

"संपला असेल," म्हातारी म्हणाली. थोरलीनं तिच्या तोंडून असा साखरेचा आवाज कधी ऐकला नव्हता. "पण मी नाही येत. या पोरीनं माझ्यासाठी मरण पत्करलं. जिनं मला सोडलं नाही, तिला सोडून मी कशी येऊ? आता मी जन्मभर इथंच."

बायकांचे डोळे भरून आले. मालकीणबाई म्हणाल्या, "वा!"  धाकटीनं सासूकडे बघितलं, मालकिणीकडे बघितलं. बोलणार काय? स्वतःच सगळ्या गावाला सांगितलं होतं. थोरलीनं तो चेहरा डोळे भरून बघून घेतला. असा आनंद तिला फार दिवसांत झाला नव्हता, आणि तो सात्त्विक वगैरे मुळीच नव्हता.

"पाणी पाज जाता जाता," म्हातारी तिला म्हणाली. "हिच्या हातात ट्रे आहे."

थोरली पेला घेऊन वाकली. म्हातारीनं आपल्या चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. पकड लोखंडी होती. आवाज फक्त तिच्यापुरता.

"टाच भरली का?"

थोरलीनं पेला तिच्या ओठांना लावला.

"गोड बोलून सांगितलं असतं तर तू मेली असतीस, पण हलली नसतीस. माहीत नाही का मला? किती वर्षं बघतेय तुला." पाण्याचा घोट तिनं सावकाश गिळला. "तिला म्हैस म्हटलं असतं तर ती रडत बसली असती. तुझं तसं नाही. आता जा घरी. पाठ टेकून झोप जरा. मला कूस बदलायला हाक मारायची झाली तर तिला मारीन."

 एवढ्या वर्षांत पहिल्यांदा थोरलीला या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि पहिल्यांदाच तिला कळलं की ही आपल्याकडे आता परत येणार नाही.

"आणि हात खरंच खरखरीत आहेत हो तुझे," म्हातारी म्हणाली आणि तिचं मनगट सोडलं.

थोरली बाहेर आली. लिफ्ट पाचव्यावरच उभी होती. ती आत शिरली, जाळ्या ओढल्या आणि दोनाचं बटण दाबलं. लिफ्टमध्ये ती एकटी कधी गेलीच नव्हती असं नाही, पण कधी गेल्याचं तिला आठवेना. चौथा गेला. तिसरा येताना लिफ्टनं जुन्या खोडीनं जरासा हिसका दिला, आणि थोरलीचा हात आपोआप खाली गेला, खुर्चीचा ब्रेक लावायला.

तिथं खुर्ची नव्हती.

मग मात्र ती रडली, मोठ्यानं, भिंतीला टेकून. सुटल्याचं रडू होतं की टाकल्याचं, तिचं तिला कळलं नाही. दोन्ही बाजू सारख्याच भरत होत्या. दुसरा मजला आला तरी तिनं जाळी उघडली नाही. खालून कुणीतरी जाळी बडवायला लागलं, "अहो, लिफ्ट सोडा! कोण अडवून बसलंय?"

"थांबा जरा!" थोरली आतून ओरडली. "मी आहे इथं. थांबा!"